आपल्या वस्तीचा इतिहास, आपल्याच आवाजात

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



इतिहासावर बोलायचे म्हटले की आपण महाडला जातो, नाशिकला जातो, नागपूरला जातो. जायलाच पाहिजे. पण आज आम्ही तुम्हाला एवढ्या लांब नेणार नाही. विहाराच्या दारात चपला घालायच्या आणि परळ, नायगाव, दादर एवढाच फेरफटका मारायचा. फरक इतकाच, की हा फेरफटका नुसता डोळ्यांनी नाही, कानांनीही मारायचा आहे.

आम्ही म्हणजे विहाराच्या वाचनालयात संध्याकाळी जमणारी आठ-दहा माणसे. कोणी निवृत्त, कोणी नोकरीवाले, दोघी कॉलेजात शिकणाऱ्या मुली. या मुलींनीच एक दिवस विषय काढला, की आपल्या वस्तीचा ऑडिओ गाईड का करू नये? आमच्यातल्या जुन्या लोकांना वाटले, हे काहीतरी परदेशी पाहुण्यांसाठीचे खूळ असेल. पण विचार करता करता लक्षात आले, की याची गरज पाहुण्यांपेक्षा आपल्यालाच जास्त आहे.

ऑडिओ गाईड म्हणजे काय, ते आधी सोप्या शब्दांत सांगतो. मोठ्या संग्रहालयात गेलात तर तिथे कानाला लावायचे एक यंत्र मिळते. वस्तूसमोर उभे राहून तिचा क्रमांक दाबला, की त्या वस्तूची माहिती कानात ऐकू येते. ॲमस्टरडॅमच्या एका संग्रहालयात १९५२ साली अशी सोय प्रथम झाली. आपल्या मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातही ती आहे. आता वेगळ्या यंत्राची गरज उरलेली नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. भिंतीवरच्या पाटीवर चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड असतो, तो मोबाईलने टिपला की आवाज सुरू. भाजीवाल्या मावशींना आपण रोज पैसे देतो ना, अगदी तसेच. म्हणजे संग्रहालयाच्या चार भिंतींत जे होते ते आता रस्त्यावर, गल्लीत, चाळीच्या जिन्यापाशीही होऊ शकते.

आता तुम्ही विचाराल, आपल्या गल्लीत ऐकण्यासारखे आहे काय? चला, चालून बघू.

पहिला थांबा परळचा, पोयबावडीची बी.आय.टी. चाळ क्रमांक १. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्या ट्रस्टच्या ज्या चाळी, त्या बी.आय.टी. चाळी. या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर खोली क्रमांक ५० आणि ५१ मध्ये बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत, परदेशातला काळ सोडता, राहिले. कोलंबियाची पदवी घेऊन आलेला, लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस परत आला तो याच चाळीत. बाहेरून पाहाल तर चारचौघींसारखी चाळ. कठडे, दोऱ्यांवर वाळणारे कपडे. कोणी कानात सांगितले नाही तर माणूस समोरून निघून जाईल. आणि कानात काय सांगायचे? बाबासाहेब अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकत होते त्या वर्षांत माता रमाईंनी संसार कसा ओढला, ते इथेच सांगायला हवे. पुस्तकात ते एका परिच्छेदात येते. त्या जिन्याखाली उभे राहून ऐकले, की तो परिच्छेद अंगावर येतो.

याच पोयबावडीत, डॉ. बाटलीवाला रोडवरच्या हरारवाला बिल्डिंगमध्ये 'मूकनायक'ची कचेरी होती. ३१ जानेवारी १९२० ला पहिला अंक निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. ज्यांना आवाज नव्हता त्यांचे पत्र आपल्या शेजारच्या गल्लीतून निघाले, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

पुढचा थांबा दामोदर हॉल. ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी इथे सभा बोलावली आणि २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वसतिगृहे, वाचनालये आणि पुढे महाडचा सत्याग्रह या सगळ्या कामाची सुरुवात या सभेपासून झाली. तिथून कामगार मैदान. औद्योगिक कलहाच्या विधेयकाने कामगारांचा संप करण्याचा हक्क आवळला जाणार होता, म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट पुढारी त्या दिवशी एकत्र होते. आज त्या भागात गिरणीचा भोंगा वाजत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंड पडल्या. आपल्या घरातले किती आजोबा त्यात होते, ते तुम्हीच मोजा.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने दादरकडे यायचे. गोकुळदास पास्ता लेनमध्ये आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस होता. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' या पत्रांशी ज्याचे नाव जोडलेले, तो हा छापखाना. पुढे हिंदू कॉलनीतले राजगृह. बाबासाहेबांनी स्वतःपेक्षा पुस्तकांसाठी बांधलेले घर. २७ मे १९३५ ला माता रमाईंनी इथेच अखेरचा श्वास घेतला. आणि शेवटचा थांबा सागरकिनारी चैत्यभूमी, जिथे ७ डिसेंबर १९५६ ला लाखोंच्या डोळ्यांदेखत बाबासाहेबांच्या पार्थिवाला अग्नी दिला गेला.

बघा, चाळीपासून चैत्यभूमीपर्यंत एका माणसाच्या आयुष्यातली चाळीस-पंचेचाळीस वर्षे, आणि तीही सकाळी निघून दुपारी जेवायला घरी परत येता येईल एवढ्या अंतरात! दुसऱ्या कोणत्या वस्तीच्या वाट्याला हे आले आहे?

मग प्रश्न येतो, घाई कशाची? बंधू-भगिनींनो, घाई आहे. २५ जून २०१६ ची पहाट आठवा. वस्ती झोपेत होती आणि आंबेडकर भवन व तो छापखाना पाडला गेला. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला, समाज रस्त्यावर आला, ते योग्यच झाले. पण छापखान्यातल्या यंत्राचा आवाज कसा होता, खिळे कोण जुळवायचे, रात्री अंक निघाला की बांधाबांध कोण करायचे, हे सांगणारे आवाज आपण त्याआधी किती साठवले होते? दामोदर हॉलचे नाट्यगृहही २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले.

आता बी.डी.डी. चाळी घ्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून या २०७ चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. एक-एक खोली १६० चौरस फुटांची. त्यांचा पुनर्विकास सुरू आहे आणि १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फुटांचे घर, घरात संडास, लिफ्ट. आम्हाला त्याचा आनंदच आहे. आमच्या आई-बहिणींनी सार्वजनिक नळावर आणि संडासाच्या रांगेत जन्म काढला. चाळ टिकावी म्हणून माणसाने त्या रांगेत उभे राहावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण चाळ पडते तेव्हा विटांबरोबर पत्ताही जातो. 'अमुक नंबरच्या चाळीत जयंतीची पहिली बैठक झाली' असे सांगायला तो नंबरच उरत नाही. नव्या इमारतीच्या तिसाव्या मजल्यावरचा नातू आजोबांना विचारेल, तुम्ही कुठे राहत होता? आजोबा खाली बोट दाखवतील, आणि खाली गाड्यांचे पार्किंग असेल.

आणि इमारतीपेक्षा आधी जातात ती माणसे. १९५६ साली जी मुलगी दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहे. ज्यांनी बाबासाहेबांची अंत्ययात्रा वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली, असे आपल्या वस्तीत आता किती जण उरले? बाबासाहेबांनी लाखांच्या सभा गाजवल्या, पण त्यांचा प्रत्यक्ष आवाज आज फार थोड्या ध्वनिमुद्रणांत ऐकायला मिळतो. १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत आपण पुन्हा पुन्हा लावतो ती त्यामुळेच. जिथे बाबासाहेबांच्या आवाजाची ही गत, तिथे आपल्या आजी-आजोबांचे काय?

आम्ही प्रयोग म्हणून काही ज्येष्ठांना बोलते केले. त्यातून एक गोष्ट शिकायला मिळाली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. 'बाबासाहेबांबद्दल सांगा' असे विचारले, की माणूस सावरून बसतो आणि भाषण सुरू करतो. जे पुस्तकात वाचले, सभेत ऐकले, तेच सांगतो. पण 'आजी, नळाला पाणी किती वाजता यायचं?' असे विचारले, की खरी दारे उघडतात. एका आजींनी पाण्यापासून सुरुवात केली. पहाटेचा भोंगा, त्याआधी भरायचा हंडा, नवऱ्याचा डबा असे करत करत त्या कधी धम्मदीक्षेपर्यंत पोहोचल्या ते आम्हालाही कळले नाही. देव्हाऱ्यातले देव कोणी बाहेर काढले, सासूबाई त्या दिवशी का जेवल्या नाहीत आणि आठवड्याने त्यांनीच पंचशील कसे पाठ केले, हे सगळे नळाच्या रांगेतून आले. सनावळीच्या कोणत्या पुस्तकात हे सापडणार?

बायांचा आवाज तर मुद्दाम घ्यायला हवा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्या स्त्रियांचे काम 'महिलांनीही मोठ्या संख्येने भाग घेतला' एवढ्या एका वाक्यात संपले असते. आपल्याला तेच काम आपल्या गल्लीपुरते करायचे आहे.

ऐकणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती राजगृहात भरली. भदन्त आनंदांनी ऐकलेला धम्म सांगितला आणि संघाने तो मिळून म्हटला. पुढे कित्येक पिढ्या त्रिपिटक कंठात राहिले. ग्रंथरूपाने ते लिहिले गेले श्रीलंकेत, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. म्हणजे आपला धम्मच मुळी कानांनी सांभाळलेला. बाबासाहेबांनी आपल्या घराला राजगृह हे नाव दिले, हेही इथे लक्षात ठेवावे.

पण त्याच तथागतांनी कालामांना काय सांगितले, तेही विसरायचे नाही. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून मान्य करू नका, तपासून घ्या. म्हणून आम्ही एक नियम केला आहे. आठवण ही आठवण म्हणूनच ठेवायची, तिच्यात आपण फेरफार करायचा नाही. पण तारीख, ठिकाण, नाव हे मात्र तपासल्याशिवाय गाईडमध्ये घालायचे नाही. तपासायला साधने आहेत. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड आहेत. चांगदेव खैरमोडे यांचे चरित्र आहे, त्याचा पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच निघाला. जुळले तर 'नोंद आहे' म्हणून सांगायचे. जुळले नाही तर 'वस्तीत असे सांगतात' एवढेच म्हणायचे. भक्तीच्या भरात चमत्कार जोडायचे नाहीत. बाबासाहेबांचे खरे आयुष्यच इतके मोठे आहे, की त्याला खोट्या दागिन्यांची गरज नाही.

जगात दुसऱ्यांनी असे काही केले आहे का? केले आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन शहरात डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची एक वस्ती होती. गरीब, कष्टकरी, वेगवेगळ्या वंशांची आणि धर्मांची माणसे तिथे राहत. ११ फेब्रुवारी १९६६ ला वर्णद्वेषी सरकारने ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली. साठ हजारांहून जास्त माणसे हलवली, घरांवर बुलडोझर फिरवले. १९९४ मध्ये त्या लोकांनी एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडले. तिथे जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आणि हाकललेली माणसे येऊन आपले घर कुठे होते ते स्वतःच्या हाताने लिहू लागली. त्यांचे आवाजही साठवले गेले. त्यांच्यावर अन्यायाने जे आले ते आणि आपल्याकडे पुनर्विकासाने येते ते एकसारखे नाही, हे आम्ही जाणतो. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. वस्ती गेली तरी तिचा नकाशा माणसांच्या बोलण्यातून पुन्हा उभा राहतो.

आता कामाचे बोलू. खर्च किती, कोण करणार, कसे करणार? खर्च फारसा नाही. हल्लीच्या साध्या मोबाईलवर चांगले ध्वनिमुद्रण होते. खोलीतला पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, भिंतीला दोन गोधड्या टांगायच्या म्हणजे आवाज घुमत नाही. मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवायचा आणि मध्येच फोन येणार नाही अशी व्यवस्था करायची. बोलणाऱ्याची परवानगी त्याच्याच आवाजात सुरुवातीला घ्यायची. पुढे कोणाला वाटले, की माझे अमुक वाक्य नको, तर ते काढून टाकायचे. घरातली भांडणे, कोणाची बदनामी असले काही ठेवायचे नाही. ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती करायच्या आणि तीन वेगळ्या घरी ठेवायच्या. एका मोबाईलमध्ये ठेवलेला इतिहास एखाद्या पावसाळ्यात वाहून जाईल.

प्रत्येक थांब्याला दोन ते तीन मिनिटे पुरे. मिनिटाला साधारण शंभर शब्द धरा, म्हणजे एका थांब्याला दोन-तीनशे शब्द. आधी कुठे उभे राहायचे ते सांगायचे, मग काय पाहायचे ते, आणि मग गोष्ट. उपग्रहाच्या मदतीने आपोआप सुरू होणारे गाईडही असतात. पण उंच इमारतींच्या मध्ये तो संकेत भिंतींवर आपटून इकडचा तिकडे होतो, म्हणून आपल्याला पाटी आणि क्रमांकच बरा. ध्वनिफिती विहारातच मोबाईलमध्ये उतरवून घ्यायच्या, म्हणजे रस्त्यात नेट गेले तरी अडत नाही. आणि एक कान मोकळा ठेवायचा, आंबेडकर मार्गावरच्या गाड्या कोणासाठी थांबत नाहीत! बी.आय.टी. चाळ ही राहती चाळ आहे, तिथे लोकांच्या दारात गर्दी करायची नाही, जिन्यावर फोटोची झुंबड करायची नाही. जिथे माणसे राहतात तिथे पाहुण्यासारखे जायचे.

हे सगळे कोणासाठी? पहिल्यांदा आपल्या मुलांसाठी. दुसरे, ६ डिसेंबरला नांदेडहून, अकोल्याहून, गावोगावहून येणाऱ्या आपल्या माणसांसाठी. ती चैत्यभूमीला वंदन करतात, पुस्तके घेतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. त्यांच्यातल्या कितीतरी मावश्या-आज्यांना अक्षरओळख नाही. पुस्तक त्यांच्या नातवाच्या हातात जाते, पण कान त्यांचे स्वतःचे आहेत. परळच्या चाळीखाली उभे राहून त्या आपल्या बोलीत रमाईची गोष्ट ऐकतील, त्या दिवशी हे काम सार्थकी लागले असे आम्ही समजू.

म्हणून तुमच्याकडे आमचे मागणे तीन आहेत. ज्यांच्या घरी सत्तरीपुढचे कोणी आहे, त्यांनी आज जाताना त्यांचे नाव वाचनालयाच्या वहीत लिहून जावे. ज्यांच्याकडे जुनी पत्रके, चाळीच्या पावत्या, जयंतीच्या वर्गणीच्या वह्या, फोटो आहेत, त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी एकदा आम्हाला दाखवावेत. नव्या घरात जाताना जुने सामान फेकले जाते, त्यातच आपला इतिहास गुंडाळलेला असतो. आणि मुलांनो, तुमच्यासाठी तिसरे काम. येत्या रविवारी आजीजवळ बसा आणि एकच प्रश्न विचारा, 'आजी, नळाला पाणी किती वाजता यायचं?' मग गप्प बसून ऐका. मध्ये बोलू नका. पुढच्या वर्षीच्या वर्धापनदिनाला आपण सगळे मिळून विहारापासून चैत्यभूमीपर्यंत चालत जाऊ, आणि वाटेत कानात दुसरा कोणाचा नाही, आपल्याच माणसांचा आवाज असेल.



जयभीम! नमो बुद्धाय!